संबळ, चौक आणि तीन कॅमेरे: आमच्या चित्रपटाच्या कामाच्या नोंदी

माझं आजोळ गोंधळ्यांचं. आईचे वडील तुळजापूर तालुक्यात गावोगाव गोंधळ घालत, आता मामा घालतात. मी पुण्यात ध्वनिसंकलनाचं काम करते. त्या घरावर एक कौटुंबिक चित्रपट करायचा हे बरीच वर्षं डोक्यात होतं. लोकसंगीतावर छोट्या पैशांत चित्रपट करू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवल्या. कॅमेऱ्याबद्दल कमी आणि गाण्याबद्दल जास्त लिहिलंय, कारण आमचे पैसे आणि दिवस गाण्याच्या बाजूनेच गेले.

९ जून २०२४

गोष्ट कागदावर आली. चाकणला कंपनीत नोकरी करणारा एक माणूस. लहानपणी बापाबरोबर रात्रभर दिवटी धरून उभा राहायचा, सकाळी वर्गात डुलक्या यायच्या, पोरं 'मागत्याचा' म्हणून चिडवायची. दहावीनंतर तो घर सोडतो. वीस वर्षांनी कुटुंबातल्या लग्नाचा गोंधळ घालायचा असतो आणि बापाचा उजवा हात अर्धांगवायूने गेलेला असतो. शेवटी मुलगा फळीवरचा संबळ उतरवतो, कमरेला बांधतो आणि वाजवतो. हा शेवट मला तेव्हा फार आवडला होता.

लांबी ७५ मिनिटं धरली. खर्च ११ लाख, त्यात माझी बचत ६ लाख, बाकी दोन मित्रांचे. चित्रीकरण १४ दिवस.

२३ जून

पहिली चूक. गाणी आधी पुण्यात स्टुडिओत करून घेऊ आणि चित्रीकरणात ती वाजवून ओठ जुळवू, असं ठरवलं होतं. मामा आणि दोन साथीदार आले. ध्वनिमुद्रकाने तिघांना तीन काचांच्या खोल्यांत बसवलं आणि कानात लय धरायला एकसारख्या ठोक्याची पट्टी दिली.

पहिल्या दहा मिनिटांतच कळलं की हे होणार नाही. गोंधळाची लय एका जागी थांबत नाही. नमन संथ चालतं, पुढे ती चढत जाते, कुठे किती चढवायची ते समोरच्या माणसांकडे बघून ठरतं. कानातला ठोका मामांना सतत मागे ओढत होता. त्यात झील धरणारा साथीदार काचेपलीकडे. मामा ओळ टाकायचे आणि ती कुणी उचलायलाच नसायचं. चार तासांत एक पद धड झालं नाही. संध्याकाळी मामा एवढंच म्हणाले, "कुनाला म्हनायलाव तेच कळंना."

गेले १८,००० रुपये आणि तिघांचा येण्याजाण्याचा दिवस. स्टुडिओचा काही दोष नाही, तिथे ही कल्पना घेऊन मी गेले होते.

७ जुलै

मामांच्या ओसरीत नव्याने ध्वनिमुद्रण. सगळे एकत्र, समोरासमोर, मध्ये मामी आणि शेजारची चार माणसं. पत्र्याचा घुमारा मारायला वरून आणि तीन बाजूंनी गोधड्या टांगल्या. घरातल्या नऊ आणि शेजारच्या पाच गोधड्यांनी काम भागलं.

अडचणी, आल्या त्या क्रमाने.

संबळ म्हणजे एकत्र बांधलेली दोन चामडी वाद्यं, एक लहान, एक मोठं. ती कमरेला बांधून दोन काठ्यांनी वाजवतात, एका काठीचं टोक वळलेलं असतं. तिचा ठोका इतका तीक्ष्ण येतो की गाण्यासाठी लावलेल्या पातळीवर पहिल्याच फटक्याला आवाज फाटला. मग संबळाला वेगळा माईक दिला, साडेतीन-चार फुटांवर, कंबरेच्या थोडा खाली. शिवाय त्याच आवाजाची दुसरी पट्टी, म्हणजे ट्रॅक, १२ डेसिबल खाली ठेवून घेतली. पुढच्या सगळ्या कामात या दुसऱ्या पट्टीनेच आम्हाला तारलं.

दुसरी अडचण कवड्यांची. छातीवर लावलेला बारीक माईक कवड्यांच्या माळेला घासून सतत खडखडत होता. माळ काढा म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. माईक पागोट्याच्या घडीत, कपाळाच्या वर लपवला. आवाज छातीवरच्यापेक्षा मोकळा आला आणि खडखड गेली.

तिसरी अडचण पावसाळ्याची. दमट हवेत कातडं सैल पडतं. मामा दर अर्ध्या तासाला संबळ शेकायला नेत, आला की त्याचा आवाज चढलेला असे. तुणतुण्याची तारही उतरत होती. एकच पद तीनदा घेतलं तर तिन्हींचा सूर वेगळा, म्हणजे एकाचा तुकडा दुसऱ्याला जोडता येईना. तेव्हापासून नियम केला की प्रत्येक वेळी सुरुवातीला तुणतुण्याचा सूर मोजायचा, वहीत लिहायचा आणि उतरला असेल तर खुंटी पिळून जागेवर आणायचा.

हे ध्वनिमुद्रण चांगलं झालं. तोवर मी असं धरून चालले होते की गाणं हातात आलं.

२८ जुलै

मामांच्या वहीतलं एक पद चित्रपटाच्या मधोमध ठेवलं होतं. घरात सगळे ते परंपरेतलं समजत. वही नीट वाचताना शेवटच्या कडव्यात कवीच्या नावाची मुद्रा दिसली. शोध घेतला तर ते एका शाहिराचं निघालं, आणि ते १९८० नंतर वारलेले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे राहतात. वारसांचा पत्ता लागेना. पद काढून टाकलं आणि त्यावर बेतलेले दोन प्रसंगही गेले.

जुन्या वह्यांवरून काम करणाऱ्यांनी शेवटचं कडवं आधी वाचावं. आमच्याकडे 'पारंपरिक' हा शब्द फार सैल हाताने वापरला जातो.

गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचेही स्वतःचे हक्क असतात, ते कायद्यात स्वतंत्र आहेत आणि ५० वर्षं चालतात. मामांशी आणि साथीदारांशी मराठीत दोन पानी करार केला. मोबदला किती, कशासाठी वापरणार, चित्रपटाबाहेर वापरायचं झालं तर पुन्हा विचारणार, नाव पडद्यावर कसं येणार, हे सगळं त्यात. मामा म्हणाले, घरच्या घरात कागद कशाला. मी म्हटलं, मामा, घरच्या माणसाचंच राहून जातं. त्यांनी सही केली. एका साथीदाराला वाचता येत नव्हतं, त्याला त्याच्या मुलीने पूर्ण करार वाचून दाखवला, मग त्याने अंगठा दिला.

१८ ऑगस्ट

वेळापत्रक मोडलं. गोंधळ्यांवरचा चित्रपट नवरात्रात करायचा, वातावरण आयतं मिळेल, असा माझा हिशेब होता. ३ ऑक्टोबरला घटस्थापना, तेव्हापासून दहा दिवस. मामांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "नवरात्रात गोंधळी मोकळा घावंल का?"

वर्षातली मोठी कमाई त्याच दिवसांत होते. पुढे तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू, की पुन्हा घरोघरचे गोंधळ. मामांबरोबर बसून वर्षाचा हिशेब मांडला तर दोनच मोकळ्या जागा सापडल्या: कोजागरीनंतर तुळशीच्या लग्नापर्यंत, आणि पौषात शाकंभरी नवरात्र संपल्यापासून अमावास्येपर्यंत. चित्रीकरण ऑक्टोबरच्या उत्तरार्धात ढकललं. कॅमेऱ्यांची आगाऊ दिलेली रक्कम, ९,००० रुपये, परत मिळाली नाही.

१४ सप्टेंबर

मुलाचं काम करणारा नट पुण्याचा, रंगभूमीवरचा, मेहनती. संवादवाचन गावात ठेवलं. तो 'जातुया', 'करतुया' असं बोलू लागला. मामीने मला आत बोलावून हळूच विचारलं, "ही कुठली पाव्हणी बोली गं?"

चूक संवादांची, म्हणजे माझी. मी स्वतः या घरात सुट्ट्या काढलेल्या, तरी लिहिताना हाताला पडद्यावरची 'ग्रामीण' भाषा आली, जी पश्चिम महाराष्ट्राकडची. आमच्याकडे 'जायलाव', 'करायलाव', 'आलाव'. ही नुसती क्रियापदं बदलून भागत नाही, वाक्याचा हेलही वेगळा. मामांच्या थोरल्या मुलाने सगळे संवाद बोलून ध्वनिमुद्रित करून दिले, नटाने ते एक महिना रोज ऐकले. काही ओळी या बोलीत कुणी बोलणारच नाही असं लक्षात आलं. 'बाबा, मला माफ करा' ही त्यातली पहिली. ती गेली आणि प्रसंग उलट सुधारला.

२९ सप्टेंबर

दोन गोष्टी घाईत लिहून ठेवते. बैलगाडीचा प्रसंग काढला. चित्रपटात जनावर वापरायचं तर पशुकल्याण मंडळाची परवानगी चित्रीकरणाआधी घ्यावी लागते आणि नंतर ना-हरकत पत्र. आमच्याकडे वेळ उरला नव्हता. बाप तंबाखू मळतो तेही काढलं, कारण तंबाखू पडद्यावर दिसली की सुरुवातीला आणि मध्यंतराला आरोग्याचे संदेश, निवेदन आणि त्या दृश्यात खाली सूचना द्यावी लागते. एवढ्या लहान चित्रपटाला ते झेपणारं नव्हतं. बाप आता सुपारी कातरतो.

१८ ऑक्टोबर

आज चित्रीकरण सुरू व्हायचं होतं. विधानसभेची आचारसंहिता १५ तारखेला लागली हे माहीत होतं, पण तिचा आपल्याशी संबंध काय असं वाटत होतं. रोजंदारी, जेवण, डिझेल यासाठी १,४०,००० रुपये रोख घेऊन निघालो होतो. तपासणी नाक्यावर गाडी थांबली. त्या काळात ५०,००० च्या वर रोकड नेताना ती कुठून आली आणि कुठे चालली याचे कागद जवळ लागतात. आमच्याकडे काहीच नव्हतं. रक्कम जमा झाली, बँकेच्या नोंदी आणि करार दाखवून सोडवायला दोन दिवस गेले. तोवर गावातल्या किराणा दुकानदाराने उधारीवर २२ माणसांचं जेवण चालवलं.

२० ऑक्टोबर

आजची नोंद सविस्तर लिहिते.

रात्रीचा प्रसंग होता गोंधळाच्या सुरुवातीचा. पाटावर नवं कापड, तांदळाचा चौक, कलश, भोवती उसाची पाच ताटं एकत्र बांधून उभी केलेली. चौक मामांनी मांडला. मी सांगितलं होतं की नमनाच्या चार ओळी लागतील, त्या तीन बाजूंनी घेऊ. मामा 'बरं' म्हणाले. आता कळतंय की त्यांनी 'चार ओळी' हे ऐकलंच नव्हतं, त्यांनी 'नमन' ऐकलं होतं.

दिवटी पेटली, संबळ सुरू झाला. नमनात एकेका देवाला नाव घेऊन, त्याच्या गावचं नाव घेऊन गोंधळाला या म्हणून बोलावतात. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा. कॅमेऱ्यात चित्र सुंदर दिसत होतं. चौथी ओळ झाली आणि मी 'कट' म्हटलं.

मामांची काठी थांबली नाही. मी पुन्हा म्हटलं, थोडं मोठ्याने. मग ते थांबले. सगळे थांबले. मामा माझ्याकडे बघत होते, रागाने नव्हे, गोंधळून.

"बाय, देव निगाल्यात, वाटंवर हायत, आन् तू म्हन्तीस थांब. आता त्येन्ला काय सांगू मी? माघारी जावा म्हनू?"

मला उत्तर सुचलं नाही. सहायक दिग्दर्शकाने समजावायचा प्रयत्न केला की हे खरं नाही, चित्रपटासाठी आहे. मामा म्हणाले, चौक खरा मांडलाय, खोटा कसा मांडायचा ते मला येत नाही.

मग त्यांनी मला बाजूला व्हायला सांगितलं आणि नमन पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. रात्रभर गोंधळ झाला, पहाटे आरती झाली, देवांना निरोप दिला. कॅमेरामन दोनदा येऊन विचारून गेला की चालू करू का. मी नाही म्हटलं. त्या रात्री कॅमेरे बंद ठेवले ते बरोबर केलं असं मला आजही वाटतं. मी ओसरीच्या कडेला मामीशेजारी बसून राहिले. लहानपणी तिथेच बसून मला झोप लागायची.

हे मला कळायला हवं होतं. नटाला नाही, कॅमेरामनला नाही, मला. या घरात मी वाढले आणि कामाला लागल्यावर गोंधळाकडे संवादाच्या प्रसंगासारखं बघितलं: तोडा, पुन्हा घ्या, दुसरीकडून घ्या.

२४ ऑक्टोबर

उरलेल्या दिवसांत घरातले आणि शेतातले प्रसंग उरकले, गोंधळाचा एकही नाही. परतीच्या पावसाने एक दुपार खाल्ली. सोयाबीनच्या मळणीयंत्रांनी दोन सकाळी खाल्ल्या, सगळीकडे एकदम काढणी चालू होती. मळणीचा आवाज नंतर गाळता येत नाही, तो माणसाच्या आवाजाच्याच पट्टीत बसतो. ध्वनी घेणाऱ्यांनी पीकपाणी विचारूनच तारखा धराव्यात.

दिवसाचा खर्च सरासरी २२,००० रुपये. आतापर्यंत एकूण ६,३०,०००. गोष्टीचा शेवट हातात नाही.

१५ डिसेंबर

दीड महिना पटकथेवर बसले. तीन निर्णय झाले.

एक, खरा गोंधळ चित्रित करायचा. मामांच्या धाकट्या मुलाचं लग्न मे महिन्यात झालंय आणि त्याचा गोंधळ राहून गेलाय. तो पौषात घालायचा. आम्ही त्यात असू, पण तो आमच्यासाठी नसेल. 'कट' हा शब्द त्या रात्री कुणी उच्चारणार नाही. एकदाच घडेल, मिळालं ते मिळालं. यजमान म्हणून मामांचं घर आणि गोंधळ घालायला मामा आणि साथीदार. आमचा नट आणि बापाचं काम करणारे ज्येष्ठ नट घरच्या माणसांत बसतील. साथीदारांना आणि येणाऱ्या पाहुण्यांना आधी सगळं सांगून त्यांची परवानगी घ्यायची.

दोन, शेतांचा प्रश्न. ऑक्टोबरच्या चित्रीकरणात रानं रिकामी दिसतात, जानेवारीत शाळू कणसाला आलेला असेल. लपवणं शक्य नाही. मग गोष्टीतच मधे तीन महिने घातले, मुलगा एकदा येऊन परत जातो आणि पुन्हा येतो. अडचणीपोटी केलेला हा बदल गोष्टीला लागू पडला, कारण पहिल्या खेपेला तो न थांबता गेला हेच बापाला लागतं.

तिसरा निर्णय सगळ्यात मोठा, तो मामांमुळे झाला. नट तीन महिने संबळ शिकत होता. साधा ठेका त्याला बरा जमू लागला होता. मामांना शेवट सांगितला, वीस वर्षांनी मुलगा संबळ घेतो आणि घर हलवून सोडतो. ते म्हणाले, "वीस वरसं हात लागला न्हाई तर काठी बोलत नस्ती. त्यो दिवटी धरंल. दिवटीला इसरायला काय हाय?"

बरोबर. लहानपणी त्याने तेच केलं होतं आणि त्याचीच त्याला लाज वाटली होती. तो पुन्हा दिवटी धरतो, रात्रभर तेल घालतो. मोठ्या विजयाचा शेवट गेला. ते पान फाडताना मला वाईट वाटलं नाही. नटाला वाटलं, त्याची तीन महिन्यांची मेहनत होती, आणि त्याचं वाटणं रास्त होतं.

१९ जानेवारी २०२५

तयारी. जमिनीवर खुणा न करता कॅमेऱ्यांच्या जागा ठरवल्या: एक दारात, एक धान्याच्या कोठीजवळ, एक हातात फिरता. मोठे दिवे लावायचे नाहीत. ऑक्टोबरच्या चाचणीत हॅलोजन संबळाजवळ ठेवला होता, उष्णतेने कातडं ताणून त्याचा सूर चढला आणि दुसऱ्या दिवशी कडेला चीर गेली. नवं कातडं चढवून मिळायला चार दिवस आणि १,८०० रुपये लागले होते. आता दिवटी, घरातले दोन पिवळे बल्ब आणि मांडवातली विजेची माळ, एवढाच प्रकाश.

माळ चाचणीत लुकलुकत होती. कॅमेरामनने सवयीने सेकंदाला २४ चौकटी ठेवल्या होत्या. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिच्यावर स्वस्त एलईडी लुकलुकतात. २५ चौकटी आणि शटर १/५० केल्यावर थांबलं. ऑक्टोबरचं सगळं काम २४ वर आहे, ते संकलनात जुळवायला मला आठवडा लागणार हे आजच लिहून ठेवते.

साठवणुकीचा हिशेब: एका कॅमेऱ्याला तासाला सुमारे ४५ जीबी. तीन कॅमेरे, सहा तास, म्हणजे ८१० जीबी, आणि तेवढीच दुसरी प्रत. दोन डिस्क घेतल्या, १४,५०० रुपये.

२२ जानेवारी, सकाळ

काल मंगळवार, देवीचा वार. रात्री साडेनऊला चौक मांडला, पहाटे पावणेचारला आरती. या वेळी चौकाभोवती ज्वारीची पाच ताटं, आमच्याच रानातली. झोप झालेली नाही, पण विसरायच्या आत लिहिते.

चित्र आणि ध्वनीच्या जुळणीसाठी टाळी वाजवायची नव्हती. ध्वनिमुद्रणाचं यंत्र आणि तिन्ही कॅमेरे आधीच सुरू करून ठेवले आणि संबळाचा पहिला ठोका हीच खूण मानली. हे छान चाललं.

चाललं नाही ते कॅमेऱ्यांचं. आमचे दोन कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप थांबतात. माहीत होतं, म्हणून दोघांची सुरुवात दहा मिनिटांच्या फरकाने केली होती. पण आख्यान रंगात आलं तेव्हा दारातल्या कॅमेऱ्याजवळचा मुलगा ऐकण्यात हरवला आणि कॅमेरा अकरा मिनिटं बंदच राहिला. त्याला कुणी बोललं नाही. हातातला कॅमेरा त्याच वेळी बॅटरी बदलत होता. त्या पट्ट्यात आमच्याकडे फक्त कोठीजवळचं चित्र आहे, तेही एका आजींच्या खांद्यावरून.

ध्वनी पूर्ण आहे, सहा तास, चार पट्ट्या, एकही तुटलेली नाही.

नटाने साडेनऊपासून दिवटी धरली होती. एकनंतर त्याचा हात थरथरू लागला. तेल ओतताना मनगटावर सांडलं, पोळलं, आणि त्याने दिवटी खाली ठेवली नाही. मामांनी गाता गाता बघितलं, साथीदाराला खूण केली, साथीदाराने पुढे होऊन दिवटी नटाच्या उजव्या हातातून डाव्या हातात दिली आणि परत झील धरली. हे आम्ही लिहिलं नव्हतं. हे तिसऱ्या कॅमेऱ्यात आहे, थोडं धूसर, पण आहे.

बापाचं काम करणारे नट भिंतीला टेकून बसले होते, निकामी हात मांडीवर. ते पूर्ण वेळ मुलाकडे न बघता ज्योतीकडे बघत होते. सकाळी त्यांना विचारलं तर म्हणाले, मुलाकडे बघायचं तर तो माझ्याकडे बघेल अशी भीती वाटत होती.

मनगटाला मलम लावलं, दुपारी दवाखान्यात नेऊन आणलं. फोड आहे, खोल नाही. जळत्या तेलाजवळ ओलं फडकं आणि वाळूची बादली ठेवली होती, पण मनगटाचा विचार कुणी केला नव्हता. पुढच्यांनी करावा.

१६ मार्च

पहिला जोड ११२ मिनिटांचा. गोंधळ त्यात १४ मिनिटं, सगळ्या बाजूंनी कापून भरभर केलेला. चार ओळखीच्यांना दाखवला. त्यांना घरातले प्रसंग आवडले, गोंधळ 'लांबला' म्हणाले. मी आणखी कापला, ९ मिनिटांवर आणला. पुन्हा दाखवला. तरी लांबला म्हणाले.

तीन आठवडे यात गेले.

४ मे

काल रात्री हेडफोन लावून चित्राशिवाय मूळ ध्वनी ऐकत होते. सलग ऐकताना लांबत नाही. लय कुठे चढते, झील कुठे उचलली जाते, मामा श्वास कुठे घेतात, सगळं जागच्या जागी. मी प्रत्येक कापाला लयीच्या मधून उडी मारत होते. म्हणून चढण कधी घडतच नव्हती, आणि न चढणारी लय लांबट वाटते.

म्हणून उलट केलं. आख्यानातला नऊ मिनिटांचा सलग तुकडा निवडला, एकही काप ध्वनीत नाही, आणि चित्र त्याच्यावर बसवलं. त्यात ती अकरा मिनिटांतली सहा मिनिटं येतात, जिथे फक्त आजींच्या खांद्यावरून घेतलेलं चित्र आहे. तेच ठेवलं. आजी मधे एकदा पदर सारखा करतात आणि पुन्हा ऐकू लागतात. त्याच चौघांना दाखवलं. या वेळी लांबल्याचं कुणी म्हणालं नाही, एकाने विचारलं की तो भाग आणखी कमी का केला.

चौकटींची जुळवाजुळव आठवड्यात झाली नाही, बारा दिवस लागले. अंतिम लांबी ७८ मिनिटं. जुलैमधलं ओसरीतलं ध्वनिमुद्रण फक्त दोन ठिकाणी वापरलं, लांबून ऐकू येणारं गाणं म्हणून.

८ ऑगस्ट

सेन्सॉर मंडळाचं प्रमाणपत्र मिळालं, 'यूए ७+'. अर्ज ई-सिनेप्रमाण संकेतस्थळावरून केला होता. गावात चावडीवर दाखवायचा तरी सार्वजनिक प्रदर्शनाला प्रमाणपत्र लागतं, म्हणून तोवर थांबलो. आमचे पाच आठवडे गेले, त्यातले दोन आमच्याच चुकीने: गाण्याचे शब्द वेगळे टाइप करून जोडायचे राहिले होते.

एकूण खर्च १४,६०,००० रुपये. ठरवल्यापेक्षा ३,६०,००० जास्त. त्यातला निम्म्याहून अधिक भाग ऑक्टोबरच्या वाया गेलेल्या दिवसांचा आणि जानेवारीच्या दुसऱ्या खेपेचा.

१७ ऑगस्ट

गावात देवळाच्या सभामंडपात दाखवला. पाऊस होता. संध्याकाळी विजेचा दाब इतका पडला की प्रोजेक्टर दोनदा बंद झाला, मग जनित्र लावलं आणि ते आवाजापायी देवळामागे नेलं, ६० मीटर वायर जोडून.

आम्ही आणलेल्या स्पीकरांतून मोठ्या संबळाचा खर्ज येईना, नुसती टकटक. सुरुवातीची दहा मिनिटं मी घामाघूम. गावातल्या लग्नांत डीजे लावणारा मुलगा उठला, काही न बोलता गेला आणि ट्रॅक्टरवर आपले दोन खर्जाचे डबे घेऊन आला. आम्ही थांबवलं, जोडलं, पहिल्यापासून सुरू केलं. आख्यानाच्या नऊ मिनिटांत सभामंडपाची फरशी पायाला जाणवत होती. मागे बसलेल्यांनी पडद्यावरच्या लोकांबरोबर 'उदो उदो' म्हटलं.

संपल्यावर मामा थोडा वेळ बसून राहिले. मग म्हणाले, "ह्यात पहाटची आरती न्हाई."

चित्रपटात नाही, मी म्हटलं, पण ध्वनिमुद्रणात पूर्ण आहे. सहा तासांच्या चारही पट्ट्या १२ जीबीच्या आसपास भरतात. पेनड्राइव्हवर सोबत आणल्याच होत्या, शिवाय चारही एकत्र करून फोनवर ऐकता येईल अशी एक प्रत. मामांच्या धाकट्या सुनेने ती तिथेच फोनमध्ये घेतली, आरती कुठे सुरू होते ती वेळ मला विचारली आणि चुलीमागच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली: ५ तास ५२ मिनिटं.